तुकोबांचा सिनेमा मुलांना कसा दाखवावा : श्रद्धेतून पुढारपण शिकवू पाहणाऱ्या आईवडिलांसाठी आणि वर्ग घेणाऱ्यांसाठी

आमच्या विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात दर रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. हरिपाठ, पावल्या, थोडा पखवाज आणि शेवटी गोष्ट. काही वर्षांपूर्वी गोष्टीच्या ऐवजी मी एकदा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ अख्खा लावला. अर्ध्या तासात लहानगी खांबांभोवती पळू लागली, मोठी मुलं घड्याळाकडे बघू लागली. पुढच्या रविवारी विचारलं, ‘तुकोबा मोठे का?’ पहिल्या रांगेतून लगेच उत्तर आलं, ‘ते विमानात बसून उडाले म्हणून.’

चूक मुलाची नव्हती. मी नुसता चित्रपट लावला होता, त्यातून काही शिकवलं नव्हतं. त्यानंतर हळूहळू एक पद्धत बसत गेली. घरी दोन मुलांना घेऊन बसणाऱ्यांना आणि चाळीस मुलांचा वर्ग घेणाऱ्यांना, दोघांनाही ती जमण्यासारखी आहे. तिचा गाभा असा : पुढारपण कळतं ते माणसाच्या निर्णयातून, म्हणून निर्णयाचा क्षण आला की त्याच्या जरा अलीकडे चित्रपट थांबवायचा आणि मुलांना बोलतं करायचं. बाकी सगळी त्यासाठीची तयारी.

आधी धडा ठरवा

बहुतेक जण आधी चित्रपट निवडतात आणि मग त्यातून काय शिकवता येईल ते शोधतात. उलट करा. एका बैठकीला एकच धडा घ्या आणि तो वहीत एका वाक्यात लिहा. ‘चांगलं नेतृत्व’ असं लिहिलंत तर हाताला काही लागणार नाही. ‘मोठ्या माणसाने देऊ केलेली वस्तू नाकारायला काय लागतं’ असं लिहा.

‘नेतृत्व’ हा शब्द लहान मुलांना भाषणासारखा वाटतो. त्यांच्या डोक्यात नेता म्हणजे मंचावरचा, हार घातलेला. मी त्यांना वारीतला चोपदार सांगते. माउलींच्या पालखीत मुक्कामी पोचल्यावर समाजआरती होते. सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार हातातला दंड, म्हणजे चोप, उंच करतो आणि एवढा मोठा समाज क्षणात शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, तिचं ऐकून घेतो, आणि त्यानंतरच आरती पुढे सरकते. मुलांना हे फार आवडतं. सगळ्यांना गप्प करता येणं ही एक ताकद, आणि जो गप्प झाला नाही त्याच्याकडे आपण चालत जाणं ही दुसरी. संतांचं पुढारपण ओळखायला हा दाखला पुरतो. आमच्याकडे वर्गाच्या सुट्टीत मुलं स्वतः चोपदार होऊन भांडणं सोडवतात.

चित्रपट निवडताना

सुरुवात ‘संत तुकाराम’पासून करा असं मी आग्रहाने सांगेन. प्रभात फिल्म कंपनीचा हा चित्रपट विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. मुंबईच्या सेंट्रल सिनेमात तो वर्षभराहून अधिक चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची दखल घेतली गेली. पण माझं कारण वेगळं आहे. या चित्रपटातला नायक कुणावर ओरडत नाही, कुणाला मारत नाही, आणि तरी गाव त्याच्या मागे जातं. मुलांना अशी माणसं पडद्यावर क्वचितच दिसतात.

चित्रपट लावण्याआधी तो कुणी केला हेही सांगा. फत्तेलाल कोल्हापूरचे, मुसलमान घरातले, सगळे त्यांना साहेबमामा म्हणत. दामले आणि त्यांची जोडी आयुष्यभराची. पंढरीच्या भक्ताचा चित्रपट या दोघांनी मिळून उभा केला. नावं आधी सांगून ठेवली की श्रेयनामावलीत ती आल्यावर मुलं मोठ्याने वाचतात. श्रद्धेचा धडा देताना शेजारच्या बाकावरच्या मित्राचा धर्म खाली पाडला जाऊ नये, याची काळजी पहिल्या पाच मिनिटांतच घेतली गेली पाहिजे.

याच कारणाने स्वराज्यावरचे अलीकडचे भव्य चित्रपट लहान मुलांच्या वर्गात मी घेत नाही. त्यातलं शौर्य खरं आहे, ते मुलांना माहीत असलंच पाहिजे. पण कित्येकांत शेवटची लांबलचक यातनांची दृश्यं असतात. आठ वर्षांचं मूल घरी जाताना ती दृश्यं आणि राग एवढंच घेऊन जातं, राजाचा निर्णय मागे पडतो. प्रमाणपत्र आधी बघा. आता यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे वेगळे गट असतात. १६+ असलेला चित्रपट ‘इतिहासाचा आहे ना, चालतो’ म्हणून बालवर्गात लावू नका.

स्वामित्वहक्काचंही एकदा बघून घ्या. आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. त्यामुळे प्रभातचे जुने चित्रपट दाखवायला अडचण येत नाही. नवा चित्रपट मंदिराच्या किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये सगळ्यांना दाखवायचा असेल तर निर्मात्याची परवानगी घ्या. सचोटी शिकवायला बसायचं आणि चोरीची प्रत लावायची, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं.

एकट्याने दोनदा बघा

पहिल्यांदा नुसता बघा. रडू आलं तर येऊ द्या, त्याशिवाय दुसऱ्याला दाखवण्यात जीव येत नाही. दुसऱ्यांदा वही घेऊन बसा आणि तीन गोष्टींच्या वेळा मिनिट-सेकंदांसकट टिपा : कुठे थांबायचं, कुठे शब्दाचा अर्थ सांगायचा, काय वगळायचं. चित्रपटातला खलनायक सालोमालो तुकोबांना मोहात पाडायला नर्तकीला पाठवतो तो प्रसंग मी दहा वर्षांखालच्या मुलांना दाखवत नाही. बारा-तेराच्या पुढच्या मुलांना मात्र मुद्दाम दाखवते, कारण ती बाई तुकोबांसमोर येऊन बदलते आणि तुकोबा तिला एका शब्दाने हिणवत नाहीत.

इतिहास, परंपरा आणि पडदा

हा भाग घाईने उरकू नका. ऐतिहासिक चित्रपट बघताना मुलाच्या मनात तीन गोष्टींचा काला होतो : घडलेलं, पिढ्यानुपिढ्या सांगत आलेलं, आणि चित्रपटवाल्यांनी रचलेलं. तो सोडवून दिला नाही तर पुढे कॉलेजात कुणीतरी एक गोष्ट खोडून काढतं आणि त्या मुलाची सगळीच श्रद्धा डळमळते. सोडवून दिला तर श्रद्धेला धक्का बसत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

आम्ही फळ्यावर तीन रंगांचे खडू वापरतो. पांढरा इतिहासाचा, पिवळा परंपरेचा, निळा पडद्याचा.

पांढऱ्यात येतं : तुकोबा देहूचे, वाण्याचा व्यवसाय, १६३० च्या सुमाराला भयंकर दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली बायको आणि मूल गेलं, १६५० साली ते गेले. पिवळ्यात येतं : बापाच्या सावकारीतली लोकांची कर्जखतं भावाशी वाटून घेऊन आपल्या वाट्याची तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिली, आणि पुढे अभंगांच्या वह्या त्याच नदीत बुडवाव्या लागल्या त्या तेरा दिवसांनी कोरड्या वर आल्या. निळ्यात येतो सालोमालो. परंपरेच्या गोष्टींत तुकोबांना छळणारा मंबाजी आहे, सालोमालोला एवढं मोठं केलं ते चित्रपटाने.

निळ्यातलं सगळ्यांत गोड उदाहरण म्हणजे ‘आधी बीज एकले’. हे गीत चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलं. ते इतकं तुकोबांच्या वळणाचं उतरलं की भल्याभल्यांना तो तुकोबांचाच अभंग वाटला, आजही वाटतो. मुलांना हे सांगितलं की ती घरी जाऊन आजोबांची परीक्षा घेतात.

मोठ्या मुलांना थोडं गणित द्या. शिवाजी महाराजांचा जन्म १६३०, तुकोबा गेले १६५० साली, राज्याभिषेक १६७४. म्हणजे चित्रपटात तुकोबांच्या कीर्तनाला आलेले महाराज किती वर्षांचे असतील? फार तर वीस. आणि छत्रपती व्हायला अजून किती वर्षं? चोवीस. एवढं फळ्यावर मांडलं की मुलांच्या डोळ्यांसमोरचं चित्र बदलतं. कॉलेजातल्या दादाच्या वयाचा एक मुलगा देहूला कीर्तन ऐकायला बसला आहे. भेटीची कथा परंपरेची आहे, म्हणून ती पिवळ्या खडूने लिहायची, पण तिला वयाची जोड दिली की ती आणखी हलवून सोडते.

प्रत्यक्ष वर्गात

चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा आहे. चार-पाच रविवारांत वाटून घ्या. लहान मुलांना एका वेळी वीस मिनिटं पुरे, मोठ्यांना चाळीस. पडदा नसेल तर पांढरी चादर चालते, पण आवाजाची कसूर करू नका. जुन्या ध्वनिमुद्रणात शब्द दबतात, लॅपटॉपच्या स्पीकरवर अर्धे अभंग हरवतात. मंदिराचा भजनाचा स्पीकर जोडला की काम होतं. खिडक्यांना पडदे नसतील तर सकाळऐवजी दिवेलागणीनंतर बसा.

काळ्यापांढऱ्याची मुलांना सवय नसते. आधी एक-दोन स्थिर चित्रं दाखवा आणि विचारा, ही माणसं कुठे बसली आहेत, घरात काय काय दिसतंय? जातं, घागर, वहाणा, भिंतीवरचं सारवण. पाच मिनिटांत डोळे सरावतात. परदेशातल्या मराठी शाळांत वर्ग घेणाऱ्यांनी इथे जास्त वेळ द्यावा. तिथल्या मुलांना ‘जातं’ म्हणजे काय हे ठाऊक नसतं आणि विचारायला ती लाजतात.

थांबायच्या जागा

पहिली जागा अगदी सुरुवातीची. तुकोबा पांडुरंगाचं गाणं म्हणतात, डोळे मिटलेले, आवाज साधा. लगेच पुढे सालोमालो तेच गाणं देवळात नटून, ताना घेत, आविर्भाव करत म्हणतो. इथे थांबा. काहीही समजावून सांगू नका. एवढंच विचारा, ‘गावात तुम्ही असता तर कुणाच्या मागे गेला असता?’ आमच्या वर्गात पहिल्या वर्षी निम्म्याहून अधिक हात सालोमालोसाठी वर आले, कारण त्याचं गाणं जास्त जोरकस वाटलं. मी त्यांना चूक म्हटलं नाही. चित्रपट संपल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला. तेव्हा सालोमालोला हात दिलेला एक मुलगा म्हणाला, ‘ताई, तो लोकांकडे बघून गात होता.’ मी तयार केलेलं कुठलंच उत्तर याच्या जवळपास नव्हतं.

दुसरी जागा नजराण्याची. महाराजांकडून मौल्यवान भेट येते. घरात दारिद्र्य, तुकोबांची दुसरी बायको जिजाई पोरांच्या पोटासाठी झुरते आहे, हे मुलांनी आधी पाहिलेलं असतं. तुकोबा काय करतात ते दिसण्याआधी थांबवा आणि वर्गाचे दोन गट करा. एक गट म्हणेल घ्या, दुसरा म्हणेल परत करा. घ्या म्हणणाऱ्यांची बाजू तुम्ही मनापासून उचलून धरा. ‘पोरं उपाशी आहेत. राजा चांगला आहे. त्यात लाच कुठे आहे?’ जिजाईचं म्हणणं खरोखर वजनदार आहे हे मुलांना जाणवल्याशिवाय तुकोबांच्या नकाराची किंमत त्यांना कळत नाही. मग पुढे लावा. भेट परत जाते. आता विचारा, या नकाराची किंमत कुणी मोजली? एकट्या तुकोबांनी?

हा प्रश्न मी प्रत्येक नायकाबद्दल विचारायला लावते. पुढारी मोठा निर्णय घेतो तेव्हा घरातलं कोण उपाशी राहतं, कोण रात्री जागतं, हे ज्या मुलाला दिसतं ते पुढे स्वतः पुढे झालं तरी मागच्यांना विसरणार नाही अशी माझी श्रद्धा आहे.

तिसरी जागा इंद्रायणीची. धर्मशास्त्राचे पंडित रामेश्वरशास्त्री निवाडा देतात, अभंगांच्या वह्या बुडवायच्या. तुकोबांच्या मागे माणसं आहेत, ती चिडलेली आहेत. इथे थांबून विचारा, ‘तुकोबांनी लोकांना नुसती खूण केली असती तर काय झालं असतं?’ मोठी मुलं लगेच म्हणतात, दंगल. तुकोबा ती खूण करत नाहीत. ते नदीकाठी बसतात. सत्ता हातात असताना ती न वापरणं म्हणजे भित्रेपणा की धैर्य, यावर आमच्याकडे एकदा पाऊण तास वाद झाला आणि त्या दिवशी पुढचा चित्रपट बघायचा राहून गेला. असं झालं तर होऊ द्या. हेच रामेश्वरशास्त्री पुढे तुकोबांचे भक्त झाले, ही परंपरेची गोष्ट त्यानंतरच्या रविवारी सांगा.

अवघड प्रश्न

‘विमान खरंच आलं का?’ हा प्रश्न येणारच. टाळू नका, हसण्यावारी नेऊ नका, आणि छातीठोक ‘हो’ किंवा ‘नाही’ असंही सांगू नका. मी असं सांगते : ‘पडद्यावरचं विमान प्रभातच्या कारागिरांनी बनवलं, ते निळ्या खडूचं. तुकोबा सदेह वैकुंठाला गेले असं वारकरी मानतात, मीही त्याच भावाने दरवर्षी बीजेला देहूला जाते, ते पिवळ्या खडूचं. आणि आज पावणेचारशे वर्षांनी त्यांचे अभंग शेतात, लोकलमध्ये, एसटीत लोकांच्या तोंडी आहेत, ते पांढऱ्या खडूचं.’ मुलांना प्रामाणिक उत्तर लगेच ओळखू येतं. वर्गातल्या एखाद्या घरात चमत्कार मानत नसतील, एखाद्या घरात अक्षरशः मानत असतील. दोन्ही मुलांना मान खाली न घालता बसता आलं पाहिजे.

‘जिजाई देवाला चप्पल मारायला निघते, तिला पाप लागेल का?’ मूल आजारी पडतं तेव्हा ती वहाण उगारून देवळात जाते, तो प्रसंग. मी उलट विचारते, ‘तुम्ही सगळ्यांत जास्त कुणावर चिडता?’ उत्तर येतं, आईवर. मग फार काही बोलावं लागत नाही.

पाहिल्यानंतरचं काम

चित्रपटाचा रविवार संपला की आठवडाभरासाठी एक छोटी कृती द्या, आणि ती कुणाला कळू नये अशी असावी. वर्गातला फळा पुसायचा, कुणी बघत नसताना. खेळात कप्तान असाल तर ज्याला कुणी घेत नाही त्याला आधी निवडायचं. पुढच्या रविवारी ‘कुणी काय केलं’ असं विचारू नका, बढाया सुरू होतात. ‘अवघड काय गेलं’ एवढंच विचारा. ‘जे का रंजले गांजले’ हा अभंग मी या वेळी म्हणायला घेते, आधी नाही. स्वतः प्रयत्न करून आलेल्या मुलाच्या तोंडी ते शब्द वेगळे वाजतात.

पुढचे चित्रपट

‘संत तुकाराम’ पचला की ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) घ्या, दिग्दर्शक तेच. वाळीत टाकलेली चार भावंडं एकमेकांना कशी धरून राहतात, यावर भर द्या. रेडा आणि भिंत मुलं आपणहून लक्षात ठेवतात. बारा वर्षांपुढच्यांसाठी ‘रामशास्त्री’ (१९४४). नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली झाला, आणि न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना तोंडावर सांगितलं की याला देहान्त प्रायश्चित्तच आहे. धर्मशास्त्र जाणणारा माणूस ते राजासाठी वाकवत नाही, हे त्यात लख्ख दिसतं. आणि गाडगेबाबांवरचा १९७७ सालचा ‘देवकीनंदन गोपाला’ अवश्य दाखवा. बाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू आहेत. गावात आल्यावर आधी खराटा, मग कीर्तन, हा क्रम मुलांकडून पाठ करून घ्यावा लागत नाही. पुढच्या रविवारी सभामंडप झाडलेला असतो.

मागे राहिलेली जिजाई

चित्रपटाच्या शेवटी तुकोबा जातात आणि जिजाई मागे राहते. एका वर्षी आठ वर्षांच्या एका मुलीला हे सहनच झालं नाही. ‘तिला का नाही नेलं? सगळं काम तर तिने केलं.’ ती रडत होती, आणि माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारी मी पिवळा आणि पांढरा खडू घेऊन उभी राहिले.

तुकोबा गेले तेव्हा जिजाईच्या पोटात मूल होतं, अशी परंपरा आहे. तो मुलगा म्हणजे नारायण. वडिलांना त्याने पाहिलंच नाही. जे काही तुकोबा त्याला कळले ते आईच्या आणि गावाच्या तोंडून. याच नारायण महाराजांनी १६८५ साली तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली, आणि आज आपण ज्या पालखीच्या मागे चालतो ती तिथून सुरू झाली. मी विचारलं, ‘आता सांगा, जिजाई मागे राहिली नसती तर?’

त्या आषाढीला आमची मुलांची दिंडी निघाली. वीणा कुणी घ्यायची, पताका कुणाच्या हाती, यावर नेहमीसारखी ओढाताण झाली. ती मुलगी मात्र आपणहून शेवटच्या रांगेत गेली. बालवाडीतली तीन पोरं तिथे चालत होती, त्यांच्या चपला सारख्या निसटत होत्या. देवळापर्यंत ती दर दहा पावलांवर खाली वाकत होती, पट्टा लावत होती आणि पुन्हा ‘ज्ञानोबा तुकाराम’मध्ये आवाज मिसळत होती.